दीर्घकाळ लागणारी लघवीची नळी: पर्याय कोणत्या क्रमाने ठरवावा

रुग्णाला आता बराच काळ नळी ठेवावी लागेल असे डॉक्टरांनी सांगितले की बहुतेक घरांतून पहिला प्रश्न येतो तो म्हणजे 'सिलिकॉनची आणू की साधी?' हा प्रश्न खरा तर अगदी शेवटी विचारायचा असतो. मुंबईतल्या महापालिका रुग्णालयात परिचारिका म्हणून नोकरी केल्यानंतर आता मी घरोघरी जाऊन नळ्या बदलते, आणि रात्री-अपरात्री येणाऱ्या फोनांच्या मुळाशी नळीचा दर्जा क्वचितच असतो. नळी का हवी, रुग्णाचे मूत्राशय किती रिकामे होते आणि घरात हे सगळे कोण सांभाळणार, हे तीन प्रश्न न विचारताच निर्णय झालेला असतो. नळी आत घालण्याचे कौशल्य जाणत्या माणसाच्या हाताखालीच शिकायचे असते, त्यामुळे ते येथे दिलेले नाही. युरोलॉजिस्टसमोर, म्हणजे मूत्रविकारतज्ज्ञांसमोर, बसण्यापूर्वी काय तयारी करायची, पर्याय कोणत्या क्रमाने तपासायचे आणि चूक नेमकी कुठे होते, एवढेच येथे मांडले आहे.

टप्पा 1: नळी खरोखर लागणार आहे का, हे आधी ठरवा

बराच काळची नळी दोन अगदी वेगळ्या कारणांसाठी ठेवली जाते. एक, लघवी तुंबते, म्हणजे मूत्राशय स्वतःहून रिकामे होत नाही. दोन, लघवी सुटते, म्हणजे ती धरून ठेवता येत नाही. केवळ लघवी सुटते आणि चादरी सतत धुवाव्या लागतात म्हणून शरीराच्या आत नळी ठेवणे हा सहसा चुकीचा निर्णय ठरतो. चिघळलेली शय्याव्रणे किंवा अखेरच्या आजारात रुग्णाला मिळणारा आराम, अशी कारणे असतील तर गोष्ट वेगळी.

रुग्णालयातून घरी येताना नळी तशीच राहिली आणि पुढे कोणी विचारलेच नाही, असे फार वेळा घडते. खुब्याच्या हाडाच्या शस्त्रक्रियेसाठी घातलेली नळी दोन-दोन महिने केवळ कोणी काढली नाही म्हणून राहिलेली मी पाहिली आहे. म्हणून डिस्चार्ज कार्ड हातात घेतानाच विचारा: ही नळी कशासाठी आहे, आणि ती काढून पाहण्याचा दिवस कोणता? उत्तर कार्डावरच लिहून घ्या.

नळी काढून पाहण्यापूर्वी पुढील गोष्टी दुरुस्त करून घ्याव्यात.

1. बद्धकोष्ठ. मळाने भरलेले मोठे आतडे मूत्राशयाच्या तोंडावर दाब देते. पोट साफ नसताना केलेली चाचणी अनेकदा उगाचच फसते.
2. औषधे. सर्दी-पडशाच्या अनेक गोळ्या आणि झोपेसाठी किंवा मज्जातंतूंच्या दुखण्यासाठी दिले जाणारे अमिट्रिप्टिलिन यांमुळे लघवी तुंबू शकते. प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांनी केमिस्टकडून विचारून आणलेली सर्दीची गोळी हे लघवी अचानक बंद होण्याचे नेहमीचे कारण आहे. सर्व औषधांची यादी डॉक्टरांना दाखवा.
3. प्रोस्टेट. टॅमसुलोसिनसारखे औषध काही दिवस देऊन मगच नळी काढली तर यशाची शक्यता वाढते. चाचणी फसली तरी शस्त्रक्रियेचा पर्याय शिल्लक असतो, आणि केवळ वय जास्त आहे म्हणून तो घरच्यांनी परस्पर बाद करू नये.

सावधान: 'मूत्राशयाला सवय लागावी' म्हणून काढण्याआधी नळीला चिमटा लावून ठेवण्याची जुनी पद्धत अजून चालू आहे. तिचा फायदा दिसून आलेला नाही, आणि चिमटा काढायचा राहून गेला तर लघवी उलट मूत्रपिंडांकडे तुंबते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितल्याशिवाय हे करू नका.

टप्पा 2: तीन दिवसांची वही आणि तीन आकडे

चाचणीनंतर लघवी थोडीफार होत असेल, किंवा आत नळी अजून घातलेलीच नसेल, तर तीन दिवस वही ठेवा. प्यायलेले पाणी, चहा, पेज आणि प्रत्येक वेळी झालेली लघवी मिलिलिटरमध्ये वेळेसह लिहा. मोजण्यासाठी खुणा असलेले प्लास्टिकचे भांडे घ्या आणि ते फक्त याच कामासाठी ठेवा. 'बरी होते', 'थोडी होते' या शब्दांवरून डॉक्टरांना काहीही ठरवता येत नाही.

त्यानंतर तीन आकडे मिळवा. पहिला, लघवी करून आल्यावर लगेच केलेल्या सोनोग्राफीत मूत्राशयात उरलेली लघवी. ती 50 मिलिलिटरच्या आत असेल तर मूत्राशय नीट रिकामे होत आहे. 300 च्या वर आकडा पुन्हा पुन्हा येत असेल तर लघवी तुंबते आहे असे समजून पुढचा विचार करावा लागतो, आणि मधल्या आकड्यांचा अर्थ रुग्णाची लक्षणे पाहून डॉक्टर लावतात. दुसरा आकडा रक्तातील क्रिएटिनीनचा, म्हणजे मूत्रपिंडे कशी चालतात ते सांगणारा. तिसरी नोंद, त्याच सोनोग्राफीत मूत्रपिंडांना सूज आहे का याची.

पहिला आकडा न घेतल्यामुळे होणारी चूक मला सर्वांत घातक वाटते. लालबागच्या एका चाळीत मला 'आजोबांची लघवी सारखी गळते, बाहेरून लावायची पिशवी लावून द्या' म्हणून बोलावले होते. धोतर ओले होते, पलंगाखाली पातेले ठेवलेले होते, आणि आजोबा म्हणत होते की मला लागलेलीच नाही. ओटीपोटावर हात ठेवला तर बेंबीपर्यंत घट्ट गोळा लागला. मूत्राशय काठोकाठ भरून वरचे तेवढे सांडत होते. बाहेरची पिशवी लावली असती तर कपडे कोरडे राहिले असते आणि मूत्रपिंडे आतल्या आत खराब होत गेली असती. घरच्यांचा यात दोष नव्हता. गळणे दिसते, तुंबणे दिसत नाही.

तपासा: तिन्ही आकडे तारखेसह कागदावर आहेत का? नसतील तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

टप्पा 3: हात, डोळे आणि घर

रुग्णाला सदऱ्याची बटणे स्वतः लावता येतात का, चमच्याने हात न थरथरता जेवता येते का, जवळचे दिसते का, हे पाहा. बटणे लावू शकणारा माणूस बहुधा ठरावीक वेळी घालून लगेच काढायची नळी स्वतः घालायला शिकू शकतो. स्मृतिभ्रंश असेल तर तो नळी ओढेल का, हा प्रश्न सगळ्यांत आधी येतो, कारण आत ठेवलेली नळी निसटू नये म्हणून तिच्या टोकाशी पाण्याने फुगवलेला फुगा असतो, आणि तो फुगलेला असताना ओढलेली नळी मूत्रमार्ग फाडते.

मग घर पाहा, आणि ते आहे तसे पाहा. संडास चाळीच्या टोकाला सामाईक आहे का? पाणी पहाटे दोन तास येते की दिवसभर असते? इमारतीला लिफ्ट आहे का, म्हणजे नळी बंद पडली तर रुग्णाला खाली कसे नेणार? दिवसा घरात कोण असते? सून कामावर, मुलगा विरारहून चर्चगेटला आणि घरी सत्तरीच्या आजी एकट्या असतील, तर दर चार तासांनी दुसऱ्याने नळी घालण्याची योजना कागदावरच राहील. हे डॉक्टरांना सांगायला संकोचू नका. ओपीडीतल्या गर्दीत ते स्वतःहून विचारतीलच असे नाही, आणि घरची खरी परिस्थिती कळल्यावर सल्ला बदलतो.

टप्पा 4: पर्याय कमी त्रासाच्या बाजूने तपासत जा

*4.1 बाहेरून लावायचे कंडोम कॅथेटर*

हे इंद्रियावर चढवून पिशवीला जोडायचे आवरण. फक्त पुरुषांसाठी, आणि ज्यांचे मूत्राशय रिकामे होते पण लघवी धरवत नाही त्यांच्यासाठीच. माप पट्टीने घेऊन मगच विकत घ्या. अंदाजाने आणलेले एक तर गळते किंवा रुतते. त्वचा धुऊन पूर्ण कोरडी करावी, टोकाशी थोडी जागा सोडावी, लावल्यावर मिनिटभर हाताने हलके दाबून धरावे, आणि दर 24 तासांनी काढून त्वचा पाहून नवीन लावावे. मुंबईच्या मे महिन्यात किंवा ऑक्टोबरच्या उकाड्यात घामाने ते सुटते.

सावधान: सुटते म्हणून वरून साधी चिकटपट्टी किंवा दोरा गोल गुंडाळू नका. रक्तपुरवठा थांबून इंद्रियाला कायमची इजा होऊ शकते.

*4.2 ठरावीक वेळी घालून लगेच काढायची नळी*

लघवी तुंबते, पण हात चालतात किंवा मदतीला माणूस आहे, अशा रुग्णासाठी हा पर्याय सर्वांत आधी विचारात घ्यावा असे माझे ठाम मत आहे. मणक्याची इजा, मधुमेहामुळे सुस्त झालेले मूत्राशय किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार असलेली कितीतरी माणसे वर्षानुवर्षे असेच करून नोकरी करतात. शरीरात कायमची नळी नसते, त्यामुळे जंतू, खडे आणि जखमा यांचा त्रास कमी होतो आणि लैंगिक आयुष्यात अडथळा येत नाही. तरीही आपल्याकडे तो टाळला जातो, कारण 'स्वतःच्या हाताने नळी घालायची' हे ऐकूनच माणूस दचकतो. पहिले दोन-तीन दिवस भीती वाटते; शिकवणारी सिस्टर घाई करणारी नसेल तर आठवड्याभरात हात बसतो. स्त्रियांना सुरुवातीला आरसा लागतो, नंतर बोटाच्या अंदाजाने जमते.

क्रम असा ठेवावा:

1. दिवसातून 4 ते 6 वेळा, ठरलेल्या वेळी. 'लागली की घालू' असे चालत नाही, कारण अनेकांना लागल्याची जाणीवच नसते.
2. साबणाने हात धुणे आणि जागा स्वच्छ करणे. घरी शस्त्रक्रियागृहासारखे निर्जंतुक वातावरण लागत नाही, पण स्वच्छतेत सूट नाही. सामाईक संडासात जाण्याची गरजही नाही. खाटेवर बसून लघवी भांड्यात काढता येते.
3. प्रत्येक वेळी निघालेली लघवी मोजणे. 400 ते 500 मिलिलिटरच्या वर वारंवार जात असेल तर फेऱ्या वाढवा. पाणी तोडून आकडा कमी करू नका.
4. प्रवासाची आखणी. लोकलमध्ये संडास नसतो, म्हणून निघण्याच्या आधी आणि पोहोचल्याबरोबर अशा दोन वेळा पक्क्या ठेवा, आणि गाड्या खोळंबतील हे धरून एक जास्तीची नळी व जेली जवळ बाळगा.

महिन्याला 120 ते 180 वेळा नळी घालावी लागते, म्हणून खर्चाचा हिशेब आधीच करा. पाकिटावर एकदाच वापरण्याची सूचना असते. पैशाअभावी पुन्हा वापरण्याचा विचार असेल तर तो लपवू नका, आपल्या डॉक्टरांशी उघड बोला.

*4.3 मूत्रमार्गातून ठेवलेली फोलीज नळी*

वरचे दोन्ही मार्ग शक्य नसतील तेव्हाच ही. घालायला सोपी, घरी बदलता येणारी, म्हणून ती पटकन स्वीकारली जाते, पण तिचा त्रास हळूहळू वाढतो. सतत एका बाजूला ताण पडला तर पुरुषांत मूत्रमार्गाचे तोंड खालून चिरत जाते, आणि स्त्रियांत मूत्रमार्ग सैल होऊन नळीच्या बाजूने गळती सुरू होते. म्हणून नळी मांडीवर पट्टीने, किंचित ढील ठेवून, बांधलेली असलीच पाहिजे.

सावधान: पुरुष रुग्णाची स्वच्छता करताना मागे सारलेली पुढची कातडी प्रत्येक वेळी पुन्हा पुढे आणा. ती मागेच राहिली तर सूज येऊन तातडीची शस्त्रक्रिया करावी लागू शकते. अंघोळ घालणाऱ्या मामांना आणि मावशींना हे स्वतः दाखवा.

*4.4 ओटीपोटातून ठेवलेली नळी, म्हणजे एसपीसी*

व्हीलचेअरवर बसणारा रुग्ण, लैंगिक आयुष्य जपू इच्छिणारा रुग्ण, मूत्रमार्गाला पुन्हा पुन्हा इजा होणारा किंवा बसण्याच्या जागी व्रणे असलेला रुग्ण यांच्यासाठी ही बरी. बदलताना पूर्ण उघडे करावे लागत नाही, आणि एकाच खोलीत चार माणसे राहतात त्या घरात याला फार किंमत आहे. मात्र हिने जंतुसंसर्ग थांबतो असे नाही, आणि काहींना खालच्या मार्गाने थोडी गळती चालूच राहते.

ती बहुधा भूल देऊन, मूत्राशय भरलेले असताना आणि सोनोग्राफीत पाहत घातली जाते, कारण आतडे मध्ये आले तर त्याला इजा होण्याचा धोका असतो. त्यामुळे ओटीपोटाची जुनी शस्त्रक्रिया, रक्त पातळ करणारी गोळी, मूत्राशयाचा कर्करोग किंवा लघवीतून रक्त गेल्याचा इतिहास या गोष्टी न विचारताही सांगा. गोळी मनाने बंद करू नका.

सावधान: पहिली एसपीसी साधारण 4 ते 6 आठवड्यांनी, रुग्णालयातच बदलून घ्या. एसपीसी निसटली तर ते भोक काही तासांतच आकसते. सकाळी बघू असे न म्हणता स्वच्छ गॉज ठेवून तत्काळ निघा.

टप्पा 5: आता नळीचे माप आणि प्रकार

सगळा निर्णय झाल्यावर दुकानाकडे वळा. नळीच्या तोंडाशी रंगीत कडे आणि जाडीचा आकडा असतो: 12 पांढरा, 14 हिरवा, 16 नारिंगी, 18 लाल. मूत्रमार्गातून बहुधा स्त्रियांना 12 ते 14, पुरुषांना 14 ते 16 आणि एसपीसीसाठी 16 ते 18 लागते. फुगा 10 मिलिलिटरचा घ्या. 30 मिलिलिटरचा फुगा दीर्घकाळासाठी नसतो. स्त्रियांसाठी आखूड नळीही मिळते. ती पुरुषाला चुकूनही घालायची नाही, कारण फुगा मूत्रमार्गातच फुगतो.

फसगत होते ती 'सिलिकॉन' या शब्दाने. सिलिकॉनचा लेप दिलेली नळी आतून लॅटेक्सचीच असते. ती पिवळट-तपकिरी आणि अपारदर्शक दिसते. पूर्ण सिलिकॉनची नळी धुरकट पारदर्शक असते. लेपाच्या नळ्या साधारण 2 ते 4 आठवडे आणि पूर्ण सिलिकॉनच्या 12 आठवड्यांपर्यंत चालू शकतात, पण पाकिटावरची मुदत हीच मर्यादा माना. लॅटेक्सची ॲलर्जी असेल तर पूर्ण सिलिकॉनच हवी. प्रिन्सेस स्ट्रीटच्या औषधबाजारात घाऊक भावात डझनभर घेण्याआधी एकच घेऊन महिना काढा.

फुग्यात निर्जंतुक पाणीच भरायचे. सलाइनचे स्फटिक बनून काढताना वाट बंद होऊ शकते. बदलताना सिरींजने जोरात ओढू नये. ती लावून ठेवली की पाणी आपोआप मागे येते आणि दट्ट्या हळूहळू वर सरकतो. जोर लावला तर सिलिकॉनच्या फुग्यावर सुरकुतीचे कडे बनते आणि तेच बाहेर येताना खरचटते.

टप्पा 6: पहिल्या तीन नळ्यांची नोंद

पुढची तारीख कॅलेंडरवरून न ठरवता रुग्णाच्या लघवीवरून ठरवावी लागते. काढलेली नळी टाकून देण्यापूर्वी हातमोज्यातल्या बोटांत तिचे टोक चोळून पाहा. वाळूसारखे खरखरीत लागले, पांढरे खवले निघाले, तर काही जंतूंमुळे लघवी क्षारयुक्त होऊन खडे जमत आहेत. एखाद्याची नळी 24, 22 आणि 25 व्या दिवशी बंद पडली असेल तर त्याची नळी 18 व्या ते 20 व्या दिवशीच बदलायची, मग ती कितीही महाग असो. वारंवार असे होत असेल तर मूत्राशयातील खड्यासाठी तपासणी करून घ्या.

नळीच्या बाजूने गळू लागले की 'जाड नळी घाला' अशी मागणी होते. ती मान्य करू नये. नळी दुमडली आहे का, पोट साफ आहे का, नळी बंद पडत आहे का, हे आधी पाहावे. हे सगळे ठीक असेल तर मूत्राशय आवळत असते आणि त्यावर औषध आहे. जाड नळीने आवळणे वाढते.

पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला न टेकता. टॅक्सीत बसताना पिशवी मांडीवर घेण्याची चूक जवळपास प्रत्येक घर करते. तेवढ्यात साठलेली लघवी मागे फिरते. अर्धी ते दोन-तृतीयांश भरली की रिकामी करा आणि पिशवी साधारण आठवड्याने बदला. एरवी नळी आणि पिशवीचा जोड उघडू नका. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून दिलेले नसेल तर दिवसाला दीड ते दोन लिटर प्यायला द्या.

लघवीच्या कल्चरचा, म्हणजे जंतूंच्या तपासणीचा, गोंधळ येथेच होतो. महिनाभर नळी असलेल्या जवळपास प्रत्येक रुग्णाच्या लघवीत जंतू सापडतात. लक्षणे नसताना केलेल्या तपासणीवरून अँटिबायोटिक दिले तर जंतू जात नाहीत, औषधाला दाद न देणारे तेवढे शिल्लक राहतात. थंडी वाजून ताप, कमरेत किंवा ओटीपोटात नवे दुखणे, अचानक बरळणे अशी लक्षणे असतील तरच तपासणी करा, आणि नमुना पिशवीतून न घेता नवीन नळी घातल्यावर तिच्यातून घ्या. पिशवी जांभळी झाली तरी घाबरू नका. काही जंतूंमुळे, विशेषतः बद्धकोष्ठ असताना, असे होते. लक्षणे नसतील तर पिशवी व नळी बदलून पोट साफ होण्याकडे पाहा, आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगा.

लगेच रुग्णालयात: दोन-तीन तासांत पिशवीत थेंबही नाही आणि ओटीपोट दुखते, रक्ताच्या गुठळ्या येतात, थंडी वाजून ताप आहे, फुगा भरताना तीव्र वेदना झाली. छातीच्या सहाव्या मणक्याच्या किंवा त्यावरच्या पातळीवर मज्जारज्जूला इजा झालेल्या रुग्णाला अचानक प्रचंड डोकेदुखी आणि घाम सुटला तर त्याला ताठ बसवा, नळीची दुमड सोडवा आणि 108 ला फोन करा. बंद पडलेल्या नळीमुळे त्याचा रक्तदाब जीवघेणा वाढलेला असू शकतो.

जून उजाडण्यापूर्वी एक वेगळी पिशवी भरून दाराशी टांगून ठेवा, कारण हिंदमाताच्या रस्त्यावर पाणी भरल्यावर परळच्या रुग्णालयात पोहोचता येत नाही आणि तेव्हा कोपऱ्यावरचे दुकानही बंद असते. तिच्यात त्याच मापाच्या दोन नळ्या, दोन युरोबॅग (लघवीच्या पिशव्या), निर्जंतुक पाणी, 10 मिलिलिटरची सिरींज, जेली, निर्जंतुक हातमोजे आणि केसपेपरची प्रत असावी. वहीच्या पहिल्या पानावर नळीचे माप, फुग्यात भरलेले पाणी, घातल्याची तारीख आणि नळी कशासाठी आहे ते कारण ठळक अक्षरांत लिहा, म्हणजे तुम्ही घरी नसताना आलेल्या सिस्टरला आजोबांना काही विचारावे लागणार नाही.